बिनतारी संसार

नाटकाला समीक्षक असतात, सिनेमाला असतात. गवयाचा षड्ज कुठे हलला हे सांगणारेही असतात. हल्ली तर खानावळीतली आमटी जरा जास्तच गोड होती, असं जाहीरपणे लिहिणारे लोकही झाले आहेत. पण गाडीच्या डॅशबोर्डावर जो पडदा बसवलेला असतो, ज्याच्यासमोर आपण रोज तास-तासभर बसतो, आणि तेही समोरून ट्रक येत असताना, त्या पडद्याची समीक्षा कुणी मनावर घेत नाही. त्याच्याबद्दल जे काही छापून येतं ते इंचांत. पडदा आठ इंची, पडदा सव्वादहा इंची. 'रंगमंच चाळीस फुटी होता, सबब प्रयोग उत्तम झाला' असं परीक्षण कुणी लिहिलं, तर संपादक त्याला दुसऱ्या दिवशी बाजारभावाच्या सदरावर बसवेल. गाड्यांच्या बाबतीत मात्र हे चालतं.

तेव्हा हे काम मी अंगावर घेतलं आहे. माझा अधिकार काय, असं विचाराल तर एवढाच, की मी या प्रयोगाचा रोजचा प्रेक्षक आहे, तिकिटाचे पैसे गाडीच्या किमतीत धरून आधीच वसूल झालेले आहेत, आणि प्रयोग आवडला नाही म्हणून मधेच उठून जायची सोय नाही.

पडद्यावर पुष्कळ प्रवेश असतात. मी त्यातला एकच घेतो: खिशातला फोन गाडीला बिनतारी जोडला जाण्याचा. ज्यांची गाडी जुनी आहे, किंवा ज्यांना ड्रायव्हर आहे, त्यांच्यासाठी कथानक सांगतो. आपण गाडीत बसायचं, चावी फिरवायची (हल्ली चावीही फिरवत नाहीत, दाराची बेल दाबावी तशी गाडी सुरू करतात), की फोन खिशात असतानाच तो पडद्यावर प्रकट होतो. नकाशा, गाणी, आलेले निरोप, फोन लावायची सोय, सगळं समोर. आयफोनवाल्यांच्यात याला कारप्ले म्हणतात, ते २०१४ साली आलं. बाकीच्यांच्यात अँड्रॉइड ऑटो म्हणतात, ते २०१५ साली. सुरुवातीला दोन्हीला तार लागे. ती पुढच्या तीन-चार वर्षांत हळूहळू गेली. आता लहान गाड्यांतही बिनतारी मिळतं. काही कंपन्यांनी तर मधे अशी गंमत केली होती, की मधल्या मॉडेलातल्या छोट्या पडद्याला बिनतारी जोडणी आणि दीड-दोन लाख जास्त मोजून घेतलेल्या टॉप मॉडेलच्या मोठ्या पडद्याला मात्र तार. पंगतीत यजमानालाच जिलबी न मिळण्याचा हा प्रकार.

आमच्या लहानपणी 'बिनतारी' हा शब्द पोलिसांच्या मालकीचा होता. बिनतारी संदेश यायचा तो दरोडा पडल्यावर किंवा पूर आल्यावर. आता तो येताना कोथिंबीर आण म्हणून येतो.

या सगळ्याच्या मुळाशी जे ब्लूटूथ आहे, त्या नावाबद्दल मात्र मला आदर आहे. हाराल्ड ब्लूटूथ हा दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा. त्याचा एक दात मेलेला, काळानिळा असावा, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. त्याने डेन लोकांच्या टोळ्या एकत्र आणल्या आणि काही काळ नॉर्वेवरही अंमल बसवला. १९९७ साली निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलती करायचा घाट घातला जात होता, तेव्हा इंटेल कंपनीतल्या जिम कार्डाक या इंजिनिअरने या राजाचं नाव तात्पुरतं म्हणून सुचवलं. चांगलं नाव पुढे ठरवू, असा बेत होता. ते पुढे ठरलंच नाही. आपल्याकडे बाळाला बारशापर्यंत 'बंड्या' म्हणतात आणि तो रिटायर होईपर्यंत बंड्याच राहतो, तसं झालं. ती निळी खूणसुद्धा त्या राजाच्या नावातल्या दोन आद्याक्षरांची प्राचीन लिपीतली जोडणी आहे. टोळ्या एकत्र आणणाऱ्या राजाचं नाव द्यावं, ही कल्पना उत्तमच. फक्त नवराबायकोचे दोन फोन आणि एक गाडी, ही टोळी हाराल्डला आवरली असती की नाही, याची मला शंका आहे.

जोडणीच्या विधीचं वर्णन मी लग्न या एकाच शब्दात करू शकतो. इंग्रजीत त्याला पेअरिंग म्हणतात, म्हणजे जोडी जमवणं, तेव्हा उपमा माझी नाहीच. आधी दोन्ही पक्षांनी आपण इच्छुक असल्याचं जाहीर करावं लागतं. मग फोन आजूबाजूच्या स्थळांची यादी दाखवतो. त्यात आपली गाडी असते, शेजाऱ्यांची गाडी असते, आणि कुणाचा तरी टीव्ही असतो. आपलं स्थळ निवडलं की दोन्हीकडे सहा-सहा आकडे उमटतात. हे आकडे सारखे आहेत का, असा प्रश्न येतो. ही पत्रिका. जुन्या यंत्रांत ही भानगड नव्हती, त्यांना सरसकट ०००० नाहीतर १२३४ हा आकडा चाले. म्हणजे सगळ्या वधूवरांची एकच पत्रिका, आणि तीही कोरी. आकडे जुळले, की देण्याघेण्याची बोलणी निघतात. गाडी विचारते, तुमच्या सगळ्या नातेवाइकांचे नंबर देणार का? कुणी कधी फोन केले त्याची वही देणार का? निरोप वाचू देणार का? याला नाही म्हणता येतं, पण नाही म्हटलं की निम्म्या सोयी रुसून बसतात. म्हणून लोक हो म्हणतात. आपल्याकडेही 'आमची काही अपेक्षा नाही' म्हणणारे लोक असतात, तसंच.

आणि एवढं सगळं यथासांग होऊनही कधीकधी पडद्यावर फोनच्या नावापुढे दोन ओळी येतात. पहिली ओळ: पेअर्ड. दुसरी ओळ: नॉट कनेक्टेड. जोडी आहे, संपर्क नाही. किती तरी सुशिक्षित घरांचं इतक्या थोडक्या शब्दांतलं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आता पडद्यामागे काय चालतं ते पाहिलं पाहिजे, कारण समीक्षकाने विंगेत डोकावावं अशी माझी समजूत आहे. पुष्कळांना वाटतं की हे सगळं ब्लूटूथवर चालतं. तसं नाही. ब्लूटूथ हा स्थळ आणणारा मामा. तो दोघांची गाठ घालून देतो, गाडीच्या वायफायचं नाव आणि परवलीचा शब्द फोनच्या कानात सांगतो, आणि बाजूला होतो. पुढचा सगळा संसार वायफायवर. याचं कारण साधं आहे. ब्लूटूथ म्हणजे बोळ, त्यातून दोन माणसं बोलत जाऊ शकतात. नकाशाचं हलतं चित्र ही वरात आहे, तिला हमरस्ताच लागतो. अँड्रॉइडवाल्यांच्यात फोनवरचं बोलणं मात्र अजून त्या बोळातूनच जातं, आणि गाणी हमरस्त्याने. म्हणून कधीकधी गाणं छान चालू असतं आणि फोन आला की पलीकडचा माणूस विहिरीत उतरून बोलल्यासारखा ऐकू येतो.

दुसरी गोष्ट त्याहून मजेची. पडद्यावर जे दिसतं त्यातलं गाडीचं स्वतःचं काही नसतं. नकाशा फोन काढतो, त्याचा चित्रपट करून फोन पाठवतो, गाडी तो नुसता दाखवते. तुम्ही पडद्याला बोट लावलंत, की बोट कुठे लागलं एवढं गाडी फोनला कळवते, आणि फोन पुढचं चित्र पाठवतो. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्या नाचवतात. तिथे निदान बाहुलीची दोरी दिसते, आणि बाहुलीला दहा लाख रुपये दिले असा कुणाचा समज नसतो. इथे सूत्रधार खिशात आणि सूत्र अदृश्य. त्यामुळे बोट लावल्यावर गाणं बदलायला क्षणभर जो उशीर होतो, त्या क्षणात माणूस पुन्हा बोट लावतो, आणि मग एकाऐवजी दोन गाणी पुढे जातात. तारेत हा उशीर जाणवण्याइतका नसतो.

शिवाय हे सगळं नाटक एकट्या फोनच्या जिवावर चाललेलं असतं. रस्ता तोच शोधतो, चित्रं तोच काढतो, गाणं तोच आणतो, पाठवतोही तोच. मे महिन्याच्या दुपारी त्याला त्या खणात ठेवला, जिथे बिनतारी चार्जिंगही होतं, तर थोड्या वेळाने त्याच्यावर पापड भाजावा असा तो तापतो. मग तो स्वतःच चार्जिंग थांबवतो. म्हणजे बिनतारी जोडणीने बॅटरी उतरवायची, बिनतारी चार्जिंगने ती चढवायची, आणि दोघांनी मिळून फोन आजारी पाडायचा. ज्या साध्या तारेने जोडणी आणि चार्जिंग दोन्ही गुपचूप होत होतं, तिला आपण अडगळ म्हणून काढली.

उच्चारांबद्दल बोललंच पाहिजे, कारण मराठी प्रेक्षक नटाचा अभिनय एक वेळ माफ करील, उच्चार माफ करणार नाही. आपण निरोप लिहितो मराठीत, पण अक्षरं इंग्रजी वापरतो. गाडीतली बाई ते इंग्रजी समजून वाचते. 'येताना दूध आण' हे 'येटॅना डड ॲन' असं कानावर आलं, तेव्हा मागच्या सीटवरच्या आमच्या भाचीला वाटलं, कुणी तरी परदेशी पाहुणी वाट चुकली आहे. पण खरी पंचाईत उच्चाराची नाही, सुराची आहे. पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना घरोघर काकू म्हणतात. परवा एका स्नेह्यांच्या गाडीतून जात होतो. बाईने अत्यंत शांतपणे वाचलं, 'कॅकू जेल्या.' एक दीर्घ विराम. गाडीत स्मशानशांतता. स्नेह्यांच्या सख्ख्या काकू ब्याण्णव वर्षांच्या. मग त्याच सुरात, 'चॅवी शेजरी.' माणूस 'काकू गेल्या' हे दोन शब्द कसे म्हणतो यावरून कुठल्या काकू आणि कुठे गेल्या, हे आपल्याला कळतं. यंत्राला सगळ्या काकू सारख्याच, आणि सगळं जाणंही.

हे हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही.

खिशातला फोन ही एका माणसाची चीज आहे. गाडी ही चौघांची. बिनतारी जोडणी या दोघांतलं दार काढून टाकते, आणि तेही न विचारता, कारण न विचारणं हीच तिची सोय. तार होती तेव्हा माणूस ती मुद्दाम हाताने लावायचा. आज मला फोन गाडीला द्यायचा आहे, असं तो ठरवायचा. आता ते ठरलेलंच असतं. आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे आणि गाडी बरोबर खाली. ब्लूटूथची धाव साधारण दहा मीटर. मी खाली गाडी सुरू करतो तेव्हा माझा फोन खिशात असतो आणि सौ.चा वर ओट्यावर, पण गाडीला ओट्यावरचा जास्त आवडतो. मग वर सौ. 'हॅलो, हॅलो' करत बसते आणि खाली मेव्हणीचा आवाज गाडीच्या चारही स्पीकरांतून पार्किंगमध्ये घुमतो. एकदा वॉचमनने आदबीने येऊन विचारलं, 'साहेब, आत कुणी बाई अडकल्यात का?' मेव्हणी तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल बोलत होती. सेक्रेटरी त्यानंतर पाणीपट्टीच्या बाबतीत आमच्याशी बराच काटेकोर झाला.

पण माझ्या दुसऱ्या एका स्नेह्यांची हकीकत मी गंमत म्हणून सांगू शकत नाही. पुण्याहून मुंबईला चालले होते. शेजारी बायको, मागे मुलगा आणि ऐंशी उलटलेली आई. घाट उतरत असताना फोन वाजला, म्हणजे गाडी वाजली. पडद्यावर डॉक्टरांचं नाव आलं. स्नेह्यांनी आठवड्यापूर्वी घशातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. आईला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. सांगायचं नव्हतं असं नाही, बऱ्यावाईटाचा निकाल लागल्यावर सांगायचं होतं. फोन घ्यायला त्यांनी स्टिअरिंगवरचं बटण दाबलं, कारण डॉक्टरांचा फोन आठ दिवस वाट पाहिलेला माणूस तोडत नाही. डॉक्टरांचं 'रिपोर्ट आलाय' हे वाक्य गाडीभर पसरलं. बोलणं गाडीतून काढून फोनवर घ्यायची सोय त्या पडद्यावर आहे. आधी फोनच्या चित्रावर बोट, मग कोपऱ्यातल्या छोट्या खुणेवर, मग उघडणाऱ्या यादीतून 'फोन' हा शब्द निवडायचा. हे तिन्ही त्यांनी केलं. घाटातल्या वळणावर, डावीकडे टँकर असताना. त्या काही सेकंदांत रस्त्याकडे गाडीतलं कुणीच पाहत नव्हतं. सगळे पडद्याकडे पाहत होते, आई सोडून. ती मुलाकडे पाहत होती.

गाठ साधी निघाली. टँकरवालाही सज्जन निघाला. पण ते मला म्हणाले, 'रिपोर्टची भीती वाटली नाही तेवढी मला त्या यादीची वाटली.'

त्यांच्या त्या यादीवर शास्त्रीय टीकाही झालेली आहे, हे नंतर वाचनात आलं. ब्रिटनमधल्या आयएएम रोडस्मार्ट या रस्तासुरक्षा संस्थेने २०२० साली टीआरएल या प्रयोगशाळेकडून गाडी चालवण्याच्या कृत्रिम यंत्रावर माणसं बसवून प्रयोग करून घेतले. पडद्याला बोटं लावून कारप्ले वापरणाऱ्याची प्रतिक्रिया ५७ टक्क्यांनी मंदावली, अँड्रॉइड ऑटोवाल्याची ५३ टक्क्यांनी. नुसतं बोलून काम सांगितलं तर ३६ आणि ३० टक्के. आता तुलनेला त्यांनी जुने आकडे दिले आहेत: तिथल्या कायद्याच्या मर्यादेइतकी दारू प्यालेल्या माणसाची प्रतिक्रिया १२ टक्क्यांनी मंदावते. आणि हातात फोन धरून बोलणाऱ्याची ४६ टक्क्यांनी. म्हणजे ज्या गुन्ह्याबद्दल चौकात पावती फाडतात, त्यापेक्षा पडद्यावरचं बोट जास्त महागात पडू शकतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. हातात सहा इंची फोन धरला तर गुन्हा, आणि दहा इंची फोन डॅशबोर्डला चिकटवला तर टॉप मॉडेल!

इथे मला जुन्या रेडिओची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. म्हातारपणाचं लक्षण म्हणा हवं तर, पण मुद्दा रेडिओचा नाही, बटणांचा आहे. त्या रेडिओला दोन्ही बाजूंना दोन गोल खुंट्या आणि मधे पाच जाड बटणं असत. स्टेशन लावायचं, एक बटण बाहेर ओढायचं, आत दाबायचं, की ते स्टेशन त्या बटणाच्या नावावर झालं. पुढे आयुष्यभर ते बटण दाबलं, की काटा खट्कन सरकून विविध भारतीवर. हे करायला डोळे लागत नसत. बोटांना जागा पाठ. त्या रेडिओलाही दोष होते, पुलाखालून जाताना तो घसा बसल्यासारखा करी, आणि त्याची एरियल चोरीला जाणं हा जवळजवळ वार्षिक सण होता. पण त्याने कधी माझी नजर मागितली नाही. कान मागितले, एक बोट मागितलं, आणि भागवलं.

स्वीडनमधल्या 'वी बिलेगारे' या मासिकाने २०२२ साली याचीच मोजदाद केली. निरनिराळ्या गाड्यांत ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना ठरावीक चार कामं करायची: काच तापवायची, रेडिओ लावायचा, दिवे मंद करायचे, असली साधी. सतरा वर्षांच्या जुन्या, बटणांच्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत झाली. सर्वांत मागे पडलेल्या पडद्याच्या गाडीत सुमारे पंचेचाळीस सेकंद लागले, आणि तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढे गेली. सव्वा किलोमीटरहून जास्त! लग्नाची वरात एवढं अंतर दीड तासात जाते, आणि तिच्या पुढे चालणारा माणूस निदान रस्त्याकडे पाहत असतो. युरोपातल्या गाड्यांना सुरक्षेचे तारे वाटणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून असं धोरण घेतलं आहे, की इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींना खरीखुरी बटणं, खिट्ट्या नसतील तर पूर्ण तारे मिळायचे नाहीत. हॉर्नला खरं बटण असावं, हे सांगायला माणसाला २०२६ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे हॉर्न पडद्यात घालायची हिंमत कुठल्याच कंपनीला झाली नाही, याचं श्रेय मी आपल्या जनतेला देतो.

कंपन्यांनाही हा पडदा आता नकोसा झालाय, पण वेगळ्या कारणाने. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने २०२३ साली जाहीर केलं, की आपल्या पुढच्या विजेवरच्या गाड्यांत कारप्लेही असणार नाही आणि अँड्रॉइड ऑटोही नाही, स्वतःचीच व्यवस्था असेल. लोक रागावले. मी मात्र त्यांच्या बाजूने मनातल्या मनात विचार करून पाहिला. गाडी यांनी बनवायची, पत्रा यांचा, इंजिन यांचं, आणि माणूस आत बसून दिवसभर पाहणार दुसऱ्याच्याच कंपनीचं तोंड! कुठल्या सासूला हे आवडेल? फक्त या भांडणात दोघांनाही हवी आहे ती माझी नजर, आणि ती रस्त्यावर असावी असं म्हणणारा पक्ष भांडणात नाहीच, ही माझी तक्रार आहे.

मग काय, हे सगळं वाईटच का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. नकाशा मोठा आणि नजरेच्या जवळ दिसतो, ही सोय खरी आहे. मांडीवर फोन ठेवून खाली पाहत जाणाऱ्यापेक्षा हे केव्हाही बरं. नाशिकला जाताना रस्ता बंद आहे हे पडद्याने आधी सांगून माझे दोन तास वाचवलेले आहेत, आणि टपरीवरच्या माणसाने 'सरळ जावा, नाक्यावर विचारा' म्हणून घालवलेले तासही माझ्या स्मरणात आहेत. माझी शिफारस तारेची आहे. तार दिसते. ती सैल झाली तर घट्ट करता येते, तुटली तर दोन-तीनशे रुपयांत दुसरी येते, आणि ती काढली की फोन पुन्हा एका माणसाचा होतो. बिनतारीचं बिघडलं की कुठे बिघडलं ते दिसत नाही. मग फोन बंद करून चालू करा, गाडी बंद करून चालू करा, जोडी मोडून पुन्हा जमवा, असे उपास सुरू होतात, आणि शेवटी सर्व्हिस सेंटरातला मुलगा गंभीरपणे म्हणतो, 'अपडेट मारावा लागेल.' काय मारणार, कुठे मारणार, हे विचारायची सोय नसते. आणि ज्यांना बिनतारीच हवं असेल त्यांनी निदान एक करावं. गाडी उभी असतानाच, पडद्यावरच्या सेटिंगांत जाऊन निरोप वाचून दाखवणं बंद करावं, आणि कुणाचा फोन आधी धरायचा ते घरात ठरवून तसं लिहून ठेवावं. घरात ठरवणं हा त्यातला अवघड भाग आहे. गाडीची त्याबाबतीत काही मदत होत नाही.

एक काम मात्र कंपनीही सांगत नाही आणि एजंटही. गाडी विकताना लोक डिकी रिकामी करतात, गणपती काढून घेतात, आरशाला बांधलेला लिंबू-मिरची तेवढा ठेवतात. पण आत जोडलेल्या फोनांची यादी तशीच राहते, आणि पुष्कळ गाड्यांत यादीबरोबर नातेवाइकांचे नंबरही. शेजारच्यांनी मागच्या वर्षी जुनी गाडी घेतली. मी सहज पडदा उघडून पाहिला. आत सहा फोन नांदत होते. एकाचं नाव 'आई', एकाचं 'आईचा जुना', एक 'पप्पा ऑफिस', एक नुसता मॉडेलचा नंबर, एक 'डोन्ट टच', आणि शेवटचा 'ड्रायव्हर नवीन'. एकत्र कुटुंब, मला भेटलेलं नाही, पण बऱ्यापैकी ओळख झाली. प्रत्येक नावापुढे एक खूण होती. ती दाबली की गाडी विचारत होती, 'हे उपकरण विसरायचं का?' शेजाऱ्यांनी एकेक करून पाच विसरले. 'आई'वर येऊन त्यांचं बोट थांबलं. म्हणाले, 'हे राहू दे हो. बरं नाही दिसत.' मी म्हटलं, त्यांचे नंबर आहेत त्यात, पुसलेच पाहिजेत. तेव्हा त्यांनी दुसरीकडे पाहत ते बटण दाबलं.